धूळपाटीवरचा लेख



कोश हा शब्द कानी पडला की जाडजूड खंडांची एक रांग आणि त्या रांगेमागे बसलेला एखादा व्यासंगी संपादक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. अनेकांनी टाचणे करावयाची, अनेकांनी ती तपासावयाची आणि अखेरीस त्यांतून एकच लेख उभा करावयाचा, ही कोशरचनेची फार जुनी रीत होय. या रीतीत तीन प्रश्न नेहमीच दडलेले असतात : लेखात फेरफार कोणी करावा, केलेला फेरफार कोणाला दिसावा, आणि सिद्ध झालेला लेख कोणाच्या मालकीचा मानावा. या प्रश्नांची अलीकडील काळात मोठी कसोटी लागली ती मात्र एका अनपेक्षित ठिकाणी. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांची माहिती देणाऱ्या ‘विकी’ नामक कोशांत.

पण आधी थोडे मागे जाऊ. फ्रान्समध्ये दनी दीद्रो याच्या संपादकत्वाखाली इ. स. १७५१ पासून एक विश्वकोश प्रसिद्ध होऊ लागला. शंभराहून अधिक लेखक त्यासाठी लिहीत होते. १७५९ साली राजाने या ग्रंथाची परवानगी काढून घेतली, तरी काम आतून चालूच राहिले. पुढे १७६४ साली दीद्रोच्या ध्यानी आले की, त्याने तपासून दिलेल्या मुद्रितांतील धाडसी मजकूर मुद्रक ल ब्रताँ हा सरकारच्या भीतीने गुपचूप गाळीत आला आहे. तोवर पुष्कळ खंड छापून झाले होते. लेखकांची नावे तीच, पण शब्द मात्र कापलेले! फेरफार होणे हे कोशाचे दुर्दैव नव्हे. फेरफाराची खूण न उरणे हे खरे दुर्दैव.

आपल्या मराठीतही सामुदायिक कोशरचनेची परंपरा लहान नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कंपनी स्थापून, भागभांडवल जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव येते. म्हणजे श्रेय कोणाचे, हे वाचकाला कळते. पण मूळ खर्ड्यात काय होते आणि संपादनात काय बदलले, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नसतो. छापील ग्रंथाची ती मर्यादाच आहे.

ही मर्यादा ओलांडण्याची वाट १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने दाखविली. वाचकालाच पान दुरुस्त करता यावे अशी सोय त्याने केली आणि हवाई बेटांच्या भाषेतील ‘झटपट’ या अर्थाचा ‘विकी’ हा शब्द तिला दिला. २००० साली इंटरनेटवर ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश सुरू झाला होता. त्यात प्रत्येक लेखाला तज्ज्ञांच्या सात पायऱ्या चढाव्या लागत. परिणामी एकंदर दोन डझनांच्या आसपासच लेख पार पडले. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकीच्या पद्धतीने विकिपीडिया सुरू झाला, आणि वर्ष संपेतो त्यात सुमारे २०,००० लेख जमले. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ सालचा. कच्चे लेखन करून पाहण्याच्या तेथील जागेला ‘धूळपाटी’ म्हणतात, आणि सर्वांनी मिळून खल करण्याच्या जागेला ‘चावडी’. ज्या पाटीवर धूळ पसरून आपल्या पूर्वजांनी अक्षरे गिरविली, तिचे नाव या नव्या विद्येला किती शोभून दिसते! धूळपाटीवर चुकण्याची लाज नसते. पुसून पुन्हा लिहिता येते.

विकीवर मात्र पुसलेलेही नाहीसे होत नाही. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ जोडलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे तेथे कोणीही पाहू शकतो. ल ब्रताँची चोरी या व्यवस्थेत पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

आता खेळांच्या कोशांकडे वळू. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आला आणि त्याच महिन्यात त्याच्या खेळाडूंनी ‘वॉवविकी’ हा कोश सुरू केला. अशा खेळात हजारो शस्त्रे, प्राणी आणि प्रदेश असतात, आणि निर्माते त्यांत वरचेवर बदल करतात. छापील पुस्तक त्यांच्यामागे धावूच शकत नाही. एखाद्या शस्त्रावरचा लेख कसा घडतो ते पाहावे. एकजण खेळून आलेला अनुभव चार ओळींत मांडतो. दुसरा तोच प्रयोग पुनःपुन्हा करून आकडे ताडून पाहतो. तिसरा भाषा नीट करतो. चौथा म्हणतो, हा आकडा गेल्या बदलापूर्वीचा आहे. वाद चर्चेच्या पानावर चालतो, आणि तेथे वयाला किंवा पदवीला नव्हे, पडताळ्याला मान असतो. विषय खेळाचा असेल, पण शिस्त कोशकाराचीच.

खरा पेच उभा राहिला तो मालकीच्या प्रश्नावर. वॉवविकी २००७ साली ‘विकिया’ या व्यापारी संस्थेच्या आश्रयाला गेली. हीच संस्था पुढे ‘फँडम’ झाली. २०१० साली संस्थेने पानांची नवी मांडणी सर्वांना लागू केली; ती न रुचल्यामुळे बहुतेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘वॉवपीडिया’ स्थापिली. २०१८ च्या अखेरीस वॉवपीडिया ज्या आश्रयाखाली होती तो उद्योगच फँडमने विकत घेतला. आणि २०२३ साली या मंडळींनी पुन्हा एकदा बिऱ्हाड हलविले. ‘रूनस्केप’ खेळाचा कोश २०१८ मध्ये, तर ‘माइनक्राफ्ट’चा २०२३ मध्ये याच रीतीने स्वतंत्र झाला.

हे स्थलांतर शक्य झाले ते मुक्त परवान्यामुळे. मूळ लेखकांचे श्रेय राखून मजकूर कोणालाही अन्यत्र नेता येतो, अशी त्या परवान्याची अट असते. अर्थात तोच परवाना जुन्या मालकालाही जुनी प्रत ठेवू देतो. त्यामुळे घर सोडले तरी भिंती उभ्याच राहतात, आणि सवयीने आलेला वाचक पुष्कळदा त्या जुन्या, शिळ्या पानांवरच पोहोचतो. वर्षानुवर्षे विनावेतन राबलेल्यांना आपल्याच लेखाच्या जुन्या प्रतीशी स्पर्धा करावी लागते, ही या स्वातंत्र्याची किंमत होय, आणि ती लहान नाही.

तथापि दीद्रोला जे साधता आले नाही ते या खेळाडूंना साधले. त्याला आपले कापलेले शब्द परत मिळविता आले नाहीत. यांनी आपला सगळा मजकूर, त्याच्या इतिहासासह, उचलून नेला. जी मुले असा लेख दहाजणांत मिळून लिहितात, ती पुरावा देण्यास, दुसऱ्याची दुरुस्ती सोसण्यास आणि आपल्या दुरुस्तीखाली आपले नाव राहू देण्यास शिकतात. खेळ आज आहे, उद्या विस्मरणात जाईल. हे शिक्षण मात्र त्यांच्या हाती राहील. म्हणून घरातील मुलगा संगणकावर असा लेख लिहीत बसला असेल, तर त्याला उठविण्यापूर्वी त्याच्या धूळपाटीवर एकवार नजर टाकावी, एवढेच सुचवून मी आपली रजा घेतो.