सोवळ्याकडून स्नेहाकडे

शेजाऱ्यावर प्रीति करावी असें सांगणें सोपें आहे. ती करावयास माणूस शिकतो कसा, हें मात्र प्रवचनांपेक्षां चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांत अशा शिक्षणाचें उदाहरण शोधूं गेल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें नांव प्रथम ओठांवर येतें. आमच्या मतें तें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या आयुष्यांत शोधावें.

टिळकांना हा मार्ग ग्रंथानें दाखविला. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपीय गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांतील गिरिप्रवचनानें त्यांचें मन वेधलें आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु प्रीतीच्या या धर्माचा पहिला आघात झाला तो घरच्याच माणसावर! नवरा जिवंत असून संसार मोडलेला, अशा अवस्थेंत लक्ष्मीबाईंना पंढरपुरास नातलगांच्या आश्रयानें दिवस काढावे लागले. अखिल मानवजातीला कवटाळूं पाहणाऱ्या पुरुषाच्या हातून त्याच्या पत्नीचें हृदय विदीर्ण झालें, हें इतिहासानें लपवूं नये.

कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या पत्नी म्हणून. ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांचें बालपण कडक सोवळ्यांत गेलेलें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाची नाहीं, इतका वडिलांचा कटाक्ष. ते संस्कार उरांत घेऊन आलेल्या या बाईनें नव्या घरांतही आपली चूल वेगळी ठेविली. पतीवर माया होती, पण त्याच्या हातचें पाणी चालत नव्हतें. प्रेम आणि विटाळ हीं दोन्हीं एकाच छपराखालीं नांदत होतीं.

मग एके दिवशीं त्यांच्या मनानें प्रश्न केला कीं, पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, तशा माणसांच्या देवानें कोठें केल्या आहेत? कोणा पंडिताच्या युक्तिवादानें न सुटलेली गांठ या साध्या विचारानें सुटली. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानें सोवळें सुटलें असें नाहीं. सोवळें आधीं सुटलें, बाप्तिस्मा मागाहून आला. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे.

पुढें त्यांचें घर रुंदावत गेलें. निराधार मुलें त्यांच्या पंखाखालीं वाढलीं. अहमदनगरास प्लेगनें थैमान मांडलें तेव्हां आजारी मुलींच्या शुश्रूषेस त्या उभ्या राहिल्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, हे कांहीं काळ त्यांच्याकडे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि लक्ष्मीबाईंच्या वात्सल्याला त्यांनीं तसें व्हावें अशी अटही नव्हती. ज्या हातांनीं एकेकाळीं स्पर्श टाळला, तेच हात आतां कपाळावर पाण्याची पट्टी ठेवीत होते.

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य अपुरें राहिलें होतें. पतीनेंच अक्षरओळख करून दिलेल्या या बाईनें त्यांत साठांहून अधिक अध्यायांची भर घालून तें पुरें केलें. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त तर पतीचा विक्षिप्तपणा, स्वतःचा राग, भोगलेला वियोग हें सर्व त्यांनीं हंसत सांगितलें. क्षमा केल्याचा डांगोरा त्यांत नाहीं. परंतु ज्यानें दुखविलें त्याच्याविषयीं इतक्या मोकळेपणानें हंसतां येणें, ही क्षमाच नव्हे काय?

आत्मिक उन्नति म्हणजे एका क्षणाचा साक्षात्कार, अशी आपली समजूत असते. लक्ष्मीबाईंची उन्नति स्वयंपाकघरांत, पाण्याच्या भांड्यापाशीं आणि रोग्याच्या उशाशीं झाली. आपल्या माणसावर त्या आधींपासूनच प्रेम करीत होत्या. आपलें माणूस कोण, याची मर्यादा तेवढी त्या हळूहळू पुसत गेल्या. धर्म कोणताही असो, ज्याला आपली वाढ मोजावयाची आहे त्यानें आपल्या उंबरठ्याबाहेर अजून कोण उभें आहे, तें एकदां पाहावें.