रेणू: धुळीतून आलेला शब्द

अकोल्याकडच्या एखाद्या जिनात दुपारी जावं. उन्हाची तिरीप आत येते आणि तिच्यात कापसाचे बारीक तंतू तरंगताना दिसतात. अशाच तिरिपेत दिसणाऱ्या कणाला जुन्या संस्कृतात नाव होतं त्रसरेणू. रेणू म्हणजे धूळ. मनुस्मृतीतल्या वजनांच्या कोष्टकात त्याचा मान पहिला; आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे उवेची लीख. (मापं अगदी घरची!) वैशेषिक तत्त्वज्ञांनी त्याचेही तुकडे पाडले. दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. ‘जोडून झालेला’ हा अर्थ असा तेव्हाच त्याला चिकटला.

पुढे मराठीने ॲटमला अणू म्हटलं नि मॉलिक्यूलला रेणू. हिंदीने वाटणी वेगळी केली: ॲटम तो परमाणु, मॉलिक्यूल तो अणु. मेळघाट ओलांडून बैतूलला गेलात की तिथल्या पुस्तकात आपला रेणू ‘अणु’ झालेला असतो.

मराठी जोडी कानाला गोड, पण एक खोट आहे. धूळ म्हटलं की बिनआकाराचा ढीग डोळ्यांपुढे येतो, आणि रेणूचं तर सारं काही आकारावर चालतं. वऱ्हाडच्या एकाच काळ्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि जवारी उभ्या असतात. दोघींच्या माळेतला मणी एकच, ग्लुकोज. जवारीच्या दाण्यातल्या स्टार्चमध्ये मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले, म्हणून माळ वेटोळी होते. आपली लाळसुद्धा ती तोडायला लागते. कापसात प्रत्येक दुसरा मणी उलटा, म्हणून माळ सरळ राहते, शेजारच्या माळांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरते आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. हे सेल्युलोज. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायाँने १८३८ साली ते वेगळं काढलं. असे पदार्थ म्हणजे लांबच लांब साखळ्या, हे जर्मन रसायनज्ञ श्टाउडिंगरने १९२० मध्ये मांडलं तेव्हा अनेक रसायनज्ञांनी नाकं मुरडली. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

जवारीच्या तर एकाच धांड्यावर दोन्ही माळा पिकतात. दाणा माणसाला, कडबा बैलाला, कारण सेल्युलोज फोडणारे जंतू त्याच्या पोटात असतात. सुती धोतराला खळ घातली की या दोन बहिणी पुन्हा भेटतात. गरम पाण्यात एक निघून जाते, दुसरी दोरीवर वाळत राहते.