जिरेटोपातील कडी

जिरेटोप म्हटले की मोत्यांचा तुरा खोवलेले तलम वस्त्राचे शिरोभूषण आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. चित्रकारांनी आणि नाटकमंडळ्यांनी ते इतके रूढ केले आहे, की शब्दाच्या पूर्वार्धाकडे कोणी पाहतच नाही. फारसीत ‘जिरिह’ म्हणजे लोखंडी कड्यांचे विणलेले चिलखत. ज्या टोपाच्या कडेने मान, कान व गाल झाकणारी कड्यांची झालर लोंबते, तो जिरेटोप. तो अलंकार नव्हे, रणांगणावरील वस्तू होय. सतराव्या शतकातील गोवळकोंडा शैलीच्या चित्रांत शिवाजी महाराजांच्या मस्तकी पागोटेच दिसते, हेही या संदर्भात ध्यानी घ्यावे.

ही झालर घडविणे लोहाराचे काम की सोनाराचे, असा प्रश्न पडावा इतके ते नाजूक. लोखंडाची तार ओढून ती सळईभोवती गुंडाळावयाची, वेटोळे कापून सुट्या कड्या करावयाच्या, प्रत्येकीची टोके एकावर एक आणून चपटी करावयाची, त्यांना भोक पाडून बारीक खिळा ठोकावयाचा. एका कडीत चार कड्या गुंतवीत वीण वाढते. पूर्ण अंगरख्याला अशा हजारो कड्या लागत. तलवारीचा वार त्याने अडे. परंतु गदेचा आघात हाडापर्यंत पोहोचे. म्हणूनच वरून छाती, पाठ व दोन्ही कुशी झाकणारे चार पोलादी पत्रे बांधीत. त्यांस चारआईना म्हणत.

बिकानेरच्या शस्त्रागारातील अशा काही चिलखतांवर, महाराजा अनूपसिंहांस ती अदोनीच्या विजयात मिळाल्याचा लेख संवत् १७४८, म्हणजे इ.स. १६९१, या सालासह कोरलेला आहे. दप्तरात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ही जमानोंद वाटते, आणि चोखही. जिंकणाऱ्याचे नाव, स्थळ, साल, सारे तिच्यात आहे. कड्या ओवणाऱ्याचे तेवढे नाही.

पुढे बंदुकीपुढे चिलखत निरुपयोगी ठरले, तरी नाहीसे झाले नाही. पोलादाबरोबर पितळ व तांबे मिसळून चौकटींची नक्षी विणलेली ‘गंगाजमनी’ चिलखते निघाली. त्यांपैकी पुष्कळांत कड्यांची टोके नुसती एकमेकांस भिडविलेली आहेत, खिळा नाही. जोराचा वार बसता तर त्या उकलल्या असत्या. पण ती मिरवणुकीसाठीच होती. आज हौशी कारागीर दोन पकडींच्या साहाय्याने ॲल्युमिनिअमच्या कड्या जोडून मनगटपट्टे व गळ्यातील साज करतात. त्यांतही खिळा नसतो. वीण मात्र बहुधा तीच, एकीत चार.