स्वस्त झालेला आरसा

कॅमेऱ्याच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण १८३९ सालच्या पॅरिसपासून सुरुवात करतात. मी इतक्या मागे जात नाही. मला सांगायचा इतिहास जेमतेम सतरा वर्षांचा आहे, आणि तो ज्यांच्या कपाटात पडून आहे त्यातल्या बऱ्याच जणांना तो इतिहास आहे हेच ठाऊक नाही.

तर, ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ईओएस ३००डी हा डिजिटल एसएलआर जाहीर केला. अमेरिकेतली किंमत नुसत्या कॅमेऱ्याला ८९९ डॉलर, सोबत १८-५५ ची लेन्स हवी असेल तर ९९९. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने नुसता कॅमेराच ४० हजार रुपयांच्या पुढे जातो, जकात आणि दुकानदाराचा नफा वेगळा. म्हणजे आपल्याकडच्या नोकरदाराने स्वस्त म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण हजार डॉलरच्या आत आलेला हा पहिला डिजिटल एसएलआर. दिसायला चंदेरी प्लॅस्टिकचा, थोडासा खेळण्यासारखा.

ही किंमत का गाजली ते कळायला आधीच्या पायऱ्या बघाव्या लागतात. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या पाठीला डिजिटल यंत्रणा जोडून डीसीएस नावाचं प्रकरण विकायला काढलं. १.३ मेगापिक्सेल, किंमत २० हजार डॉलरच्या घरात, आणि फोटो साठवायची हार्ड डिस्क वेगळ्या पेटीत, जी खांद्याला लटकवून फिरायचं. ते घेणार कोण, तर वृत्तसंस्था. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा, पाच हजार डॉलरच्या आसपास. २००० मध्ये कॅननचा डी३०, सुमारे तीन हजार. २००३ च्या सुरुवातीला कॅननचाच १०डी, दीड हजाराच्या आसपास. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ८९९! बारा वर्षांत वीस हजारावरून नऊशेवर. सोन्याच्या बाबतीत असं कधी झालं तर कळवा. :)

आता कुणी म्हणेल की एसएलआर स्वस्त होणं यात नवल काय, फिल्मच्या काळात तो स्वस्त होताच की. बरोबर आहे. पेंटॅक्स के१००० हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो वापरला. रशियन झेनिट होता. आपल्याकडेही हौशी मंडळींच्या गळ्यात असे कॅमेरे दिसायचे. पण खर्च कॅमेऱ्यात नव्हता, रोलमध्ये होता. रोल विकत घ्या, तो धुवायला द्या, प्रिंट काढा. ३६ फोटो काढायचे आणि आठवड्याने कळायचं की त्यातले २० काळे आलेत. बरं, ते काळे का आले हे कळायचं तर प्रत्येक फोटोच्या वेळी छिद्र किती ठेवलं होतं आणि शटर किती, हे वहीत टिपून ठेवायला हवं. अशी वही ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो बँकेत कॅशियर होता.

म्हणजे फिल्मचा एसएलआर स्वस्त होता, पण त्यावर शिकणं महाग होतं. शिकवणीची फी प्रत्येक रोलमागे भरायची. ज्या घरात क्लिक थ्री या डबा कॅमेऱ्यात रोल घातला की त्याचे बारा फोटो दोन सणांना आणि एका बारशाला पुरवायचे, तिथे 'चुकून बघू' ही चैन कुणाला परवडणार? माझ्या मते ३००डी ने आणि त्याच्या भावंडांनी खरा बदल केला तो इथे. फी एकदाच, दुकानात, एकरकमी. त्यानंतर चुका फुकट.

ते कसं जमलं, तेही थोडं सांगतो. डिजिटल कॅमेऱ्यात सगळ्यात महाग भाग म्हणजे सेन्सर. तो सिलिकॉनच्या गोल चकतीवर बनतो आणि मग चकती कापून तुकडे काढतात. पोळी लाटून शंकरपाळ्या कापाव्यात तसं. शंकरपाळी मोठी असेल तर एका पोळीत कमी निघतात, आणि पोळीत कुठे खडा असेल तर मोठ्या तुकड्यातला अख्खा तुकडा वाया जातो. म्हणून सेन्सर दुप्पट केला की किंमत दुपटीहून बरीच जास्त वाढते. फिल्मच्या ३६ x २४ मिलिमीटर चौकटीएवढा सेन्सर हौशी माणसाच्या खिशाला झेपणारा नव्हता. कॅननने ३००डी मध्ये २२.७ x १५.१ चा ठेवला, आणि तो स्वतःच्याच कारखान्यात बनवला. शिवाय डोळा लावायच्या खिडकीत भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरशांची पोकळ जुळणी बसवली. त्यामुळे आतलं दृश्य जरा लहान आणि अंधारं दिसतं, पण वजन आणि पैसे दोन्ही वाचतात.

आणखी एक काटकसर केली ती मात्र मला खटकते. ३००डी च्या आतलं बरंचसं सामान वरच्या १०डी सारखंच होतं. मग दीड हजारवाला कॅमेरा कोण घेणार? म्हणून काही सोयी सॉफ्टवेअरमध्येच बंद करून ठेवल्या. हे उघडकीला आलं ते हौशी प्रोग्रॅमरांमुळे. त्यांनी फर्मवेअरमध्ये फेरफार करून आयएसओ ३२०० आणि फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करायची सोय चालू करून दाखवली. वस्तू विकायची आणि तिचा एक कप्पा कुलूप लावून विकायचा, ही रीत आता सगळीकडे दिसते. कॅमेऱ्याच्या दुनियेत तिची ठळक ओळख झाली ती इथे.

निकॉन गप्प बसणार नव्हतंच. २००४ मध्ये डी७० आला, २००५ मध्ये डी५०, आणि २००६ च्या अखेरीस डी४०, लेन्ससकट ५९९ डॉलर. सहा मेगापिक्सेलचे सेन्सर सोनीचे, आणि त्याच घराण्यातले सेन्सर इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते. २००६ मध्येच सोनीने कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा घेऊन अल्फा १०० काढला. आता किंमत खरोखरच नोकरदाराच्या आवाक्यात आली. आमच्या घरातला डी४० याच सुमारास, २००७ मध्ये, अमेरिकेतून येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेतून आला. डी४० च्या अंगात फोकसची मोटर नव्हती, ती लेन्समध्ये असावी लागे. त्यामुळे निकॉनच्या जुन्या स्वस्त लेन्स त्यावर बसायच्या, पण फोकस हाताने फिरवायचा. पुन्हा काटकसर!

त्याआधी घरात डिजिकॅम होता, चार मेगापिक्सेलचा. मग सहा मेगापिक्सेलसाठी एवढे पैसे का, हा प्रश्न आमच्या बाबांनी विचारला आणि तो अगदी रास्त होता. कारण जाहिराती मेगापिक्सेलच सांगत होत्या. उत्तर असं की आकडा महत्त्वाचा नव्हता, पसारा महत्त्वाचा होता. त्या काळच्या नेहमीच्या डिजिकॅमचा सेन्सर साधारण ५.८ x ४.३ मिलिमीटर, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर. डी४० चा ३७० च्या आसपास. जवळजवळ पंधरा पट. पागोळीखाली वाटी ठेवा आणि शेजारी घमेलं ठेवा, पाऊस तोच असला तरी जमा होणारं पाणी सारखं नसतं. प्रकाशाचंही तसंच. कार्यालयाच्या ट्यूबलाइटमध्ये डिजिकॅम फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके आणायचा, नाहीतर फ्लॅश मारून सगळ्यांचे डोळे लाल करायचा.

पण प्रकाशापेक्षाही मोठी गोष्ट वेळेची. डिजिकॅम वापरलेल्यांना आठवत असेल, बटण दाबलं की आधी लेन्स कुरकुर करत पुढे-मागे व्हायची आणि मग फोटो निघायचा. याचं कारण तो कॅमेरा चाचपडत फोकस करायचा. चित्र किती रेखीव दिसतंय ते बघायचं, लेन्स सरकवायची, पुन्हा बघायचं, जास्त सरकली तर मागे यायचं. यात अर्धा-एक सेकंद सहज जायचा. एसएलआरमध्ये मुख्य आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, मागचा छोटा आरसा तो खाली एका वेगळ्या सेन्सरवर पाठवतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना होते. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत यावरून लेन्स कुठे न्यायची ते एका झटक्यात कळतं. चाचपडणं नाही. आरसा वर जातो, खटक् आवाज येतो, फोटो झालेला असतो.

अर्ध्या सेकंदाने काय फरक पडतो? लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण आठवा. नवरीने मान वर केलेली असते, चेहऱ्यावर जे असतं ते तेवढ्यापुरतंच. डिजिकॅममध्ये त्या जागी हमखास कुणाचा तरी अक्षता टाकणारा हात यायचा. पगारी फोटोग्राफर 'हार पुन्हा घाला' म्हणू शकतो, आणि म्हणतोही. काकाला आणि आत्याला तसं म्हणता येत नाही. २००७ नंतरच्या आमच्या घरच्या लग्नांचे आल्बम पाहिले तर पगारी फोटोग्राफरच्या फोटोंत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि घरच्यांनी काढलेल्या फोटोंत एकमेकांकडे. दुसरे फोटो मला जास्त आवडतात. त्यातली मंडळी वारली तेव्हा भिंतीवर लावायला शोधलेले फोटोही त्यातलेच निघाले.

आता शिकण्याकडे परत येतो. डिजिकॅममध्येही चुका फुकटच होत्या, मग त्यावर शिकता आलं नसतं का? फारसं नाही. सेन्सर इतका लहान की छिद्र बदलून चित्रात डोळ्याला दिसेल असा फरक पडत नाही, नाकापासून डोंगरापर्यंत सगळंच रेखीव. एसएलआरमध्ये छिद्र मोठं केलं की मागची भिंत विरघळते, ते तिथल्या तिथे दिसतं. शिवाय ती कॅशियरची वही कॅमेराच लिहितो. प्रत्येक फोटोच्या पोटात छिद्र, शटर, आयएसओ सगळं नोंदलेलं असतं. २००४ मध्ये फ्लिकर सुरू झालं आणि लोक दुसऱ्यांच्या फोटोंचीही ही वही वाचू लागले. किल्ल्यांवर हिंडणारी, पक्षी टिपणारी, वारीत चालणारी कितीतरी मंडळी कुठल्याही शाळेत न जाता तयार झाली ती अशी. तुमच्यातही दोन-चार आहेत.

सगळेच तयार झाले असं नाही. पुष्कळ जणांची चकती हिरव्या ऑटोवरून कधी हललीच नाही आणि सोबत मिळालेली १८-५५ कधी उतरली नाही. त्यांना हसणारे बरेच भेटले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, ऑटोवरसुद्धा अंतरपाट वेळेवर दूर होत होता. मात्र एक तोटा खराच झाला. डिजिकॅम खिशात मावायचा. एसएलआरला बॅग लागते, बॅग कोण उचलणार यावर घरात चर्चा होते, आणि मग 'आज राहू दे' असं ठरतं. आमच्याकडे गणपती, दिवाळी आणि सहली यांचे फोटो भारी झाले, पण साध्या मंगळवारचे जवळजवळ संपले. ते परत आले फोनमुळे.

आणि फोननेच पुढचं सगळं उरकलं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी जपानी कंपन्यांनी १ कोटी ६० लाखांहून अधिक डिजिटल एसएलआर पाठवले, हा त्यांचा उच्चांक. २०२० मध्ये तो आकडा २४ लाखांवर आला आणि त्या वर्षी आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे त्यांच्या पुढे गेले. फोकसची ती दोन प्रतिमांची युक्ती आता थेट मुख्य सेन्सरमध्येच बसवता येते, त्यामुळे आरशाचं कामच उरलं नाही. निकॉनचा शेवटचा एन्ट्री लेव्हल, डी३५००, २०१८ मध्ये आला, आणि काही वर्षांत बंदही झाला.

आमचा डी४० अजून चालतो. गेल्या वर्षी भाची कॉलेजला लागली, तिला म्हटलं हा घेऊन जा, शीक. तिने तो हातात घेतला, वजन पाहिलं, डोळा लावून एकदा खटक् केलं आणि म्हणाली, "मामा, हा नको. याच्या आधीचा तो चपटा होता ना, तो आहे का?" तिच्या मैत्रिणींमध्ये म्हणे सध्या जुन्या डिजिकॅमचीच चलती आहे, तो लाल डोळ्यांचा फ्लॅश त्यांना आवडतो. माळ्यावरून काढून दिला. दोन पेन्सिल सेल घातले तर चालू झाला. अजूनही कुरकुर करत पुढे-मागे होतो आणि मग फोटो काढतो.