स्टंपमागून दिसलेलं क्रिकेट: चंद्रकांत पंडित यांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सुरुवात आपल्या नगरपासून करू. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटी स्टँडवर अजून सगळे नगरच म्हणतात. आपल्या जिल्ह्याने भारताला दोन मोठे क्रिकेटपटू दिले. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. दोघांचाही आपल्याला अभिमान आहे, पण एक गोष्ट आपण पटकन विसरतो. झहीर मोठा झाला तो आधी मुंबई आणि मग बडोद्याला जाऊन. अजिंक्य घडला मुंबईच्या मैदानांवर. म्हणजे क्रिकेट खेळायचं तर गाव सोडायचं, हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं.

मग छोट्या ठिकाणच्या संघाला, घर न सोडता, देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकता येते का? या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाच्या कारकिर्दीत सापडतं, तो स्वतः मात्र मुंबईचा. त्याचं नाव चंद्रकांत पंडित. क्रिकेटवाल्यांसाठी चंदू पंडित.

पंडित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 चा, मुंबईतला. रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेला हा यष्टिरक्षक फलंदाज. प्रथम श्रेणीत 138 सामने, आठ हजारांवर धावा, 22 शतकं आणि सरासरी 48 च्या वर. किपरसाठी हे आकडे आजही भारी वाटतात, त्या काळात तर फारच.

आणि भारताकडून? 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने. बस्स.

असं का झालं? कारण त्याच काळात किरण मोरे होता. तोही आपला मराठी गडी, पण बडोद्याचा. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यात मोरेने यष्टीमागे इतकी सुंदर कामगिरी केली की ग्लोव्ह्ज त्याच्याकडेच राहिले. पंडितांचं कसोटी पदार्पण त्याच दौऱ्यात झालं, लीड्सला, जून 1986 मध्ये. पण निव्वळ फलंदाज म्हणून! किपर मोरेच. तो सामना भारताने 279 धावांनी जिंकला.

तीन महिन्यांनी मद्रासची ती प्रसिद्ध टाय कसोटी आली. समोर ऑस्ट्रेलिया, भारतापुढे 348 धावांचं लक्ष्य. पंडितांनी पहिल्या डावात 35 आणि दुसऱ्या डावात 39 धावा केल्या. तेच 39 त्यांचं कसोटीतलं सर्वोच्च राहिलं. भारत 347 वर सर्वबाद झाला, सामना बरोबरीत सुटला. एक धाव इकडे किंवा तिकडे झाली असती, तर आज त्या 39 ची गोष्ट वेगळीच सांगितली गेली असती.

पुढचं वर्ष 1987. वर्ल्ड कपची उपांत्य फेरी, 5 नोव्हेंबर, वानखेडे स्टेडियम. दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि पंडितांना संधी मिळाली. घरचं मैदान, समोर इंग्लंड. ग्रॅहम गूच स्वीप मारत राहिला आणि 115 करून गेला. पंडितांनी 24 केल्या, फोस्टरने त्यांना पायचीत केलं. भारत 35 धावांनी हरला. शेवटची कसोटी ते खेळले 1992 च्या जानेवारीत, ॲडलेडला. आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच आटोपली.

इथे थोडं थांबू आणि किपरचं काम नेमकं काय असतं ते पाहू. कसोटीत किंवा रणजीत दिवसाला 90 षटकं म्हणजे 540 चेंडू. एखाद्या गोलंदाजाने दिवसभरात 20 षटकं टाकली तर त्याचे होतात 120. किपर मात्र सगळे 540 चेंडू बघतो. 540 वेळा बसतो, 540 वेळा उठतो. फलंदाजाचा पाय कुठे हलला, गोलंदाजाचा खांदा कधी दमला, स्लिपमधल्या पोराचं लक्ष कधी उडालं, हे सगळ्यात आधी त्याला दिसतं. वर त्याने 20 झेल घेतले तर कुणी लक्षात ठेवत नाही, एक सुटला की गावभर चर्चा.

म्हणूनच असेल कदाचित, जगभरात किपर चांगले प्रशिक्षक झालेले दिसतात. झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवर इंग्लंडचा प्रशिक्षक होता तेव्हा इंग्लंडने 2010-11 ला ऑस्ट्रेलियात जाऊन ॲशेस जिंकली. ब्रेंडन मॅक्युलमनेही किपिंगपासूनच सुरुवात केली होती आणि पुढे इंग्लंडच्या कसोटी संघाचा तोंडवळाच बदलला. पंडित याच पंगतीतले. फक्त त्यांची कर्मभूमी होती रणजी करंडक, जिथे स्टँड बहुतेक वेळा रिकामे असतात.

प्रशिक्षक होण्याआधी एक घाव मात्र त्यांना बसायचा होता.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडून खेळायला गेले आणि कर्णधार झाले. 1998-99 चा रणजी अंतिम सामना, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशने पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली. आता नियम लक्षात घ्या. रणजी फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहिलं असतं तरी चषक मध्य प्रदेशचा होता. पण विजय भारद्वाजच्या फिरकीने सहा बळी घेतले, डाव 150 वर आटोपला आणि मध्य प्रदेश 96 धावांनी हरला. हाता-तोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. कर्णधार म्हणून ते अपयश पंडितांच्या नावावर लागलं.

खेळणं थांबल्यावर ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. 2002-03 आणि 2003-04, सलग दोन रणजी विजेतेपदं. पुढे परत मुंबईत आले आणि 2015-16 ला अजून एक. त्या वेळची फायनल आपल्या शेजारीच, पुण्याजवळ गहुंजेला झाली होती. कर्णधार होता आदित्य तरे, तोही किपर. मुंबईचं हे 41 वं विजेतेपद. लोक म्हणाले, मुंबईला जिंकवणं त्यात काय मोठंसं? आणि पुढच्याच मोसमात फायनलमध्ये गुजरातने मुंबईला हरवलं. पंडितांचं मुंबईतलं काम तिथे संपलं.

आता गोष्टीला खरं वळण लागतं. मुंबईने सोडलेला हा माणूस विदर्भाने बोलावला.

विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळत होता आणि तोपर्यंत एकदाही फायनलला पोचला नव्हता. नागपूरला जामठ्याचं आलिशान स्टेडियम होतं, पण करंडक नव्हता. 2017-18 ला पंडित आले. कर्णधार फैज फझल, सोबत अनुभवी वसीम जाफर, गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी, बाकी बरीचशी स्थानिक पोरं. वेळ पाळायची म्हणजे पाळायचीच, मोबाईल बाजूला, सबबी बंद. उपांत्य फेरीत कोलकात्याला कर्नाटकला हरवलं, फरक फक्त 5 धावांचा. रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात 12 बळी घेतले. फायनल इंदूरला, समोर दिल्ली. गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली. आणि अक्षय वाडकर नावाच्या नवख्या किपरने 133 धावा ठोकल्या. 1 जानेवारी 2018 ला विदर्भ 9 गडी राखून जिंकला.

एकदा जिंकलं की लोक नशीब म्हणतात. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध फायनल झाली. आदित्य सरवटेने सामन्यात 11 बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करता आली आणि विदर्भ 78 धावांनी पुन्हा जिंकला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आणला. मग नशीब हा शब्द कुणी काढला नाही.

तिथून पंडित गेले मध्य प्रदेशला. 2021-22 ची फायनल जून 2022 मध्ये झाली. मैदान कोणतं? तेच, चिन्नास्वामी. आणि समोर मुंबई, म्हणजे त्यांचं माहेर! मुंबईने 374 केल्या, त्यात सर्फराज खानचं शतक. मध्य प्रदेशने उत्तर दिलं 536 धावांचं: यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं. पहिल्या डावाची आघाडी मिळाली होती, अगदी 1999 सारखी. या वेळी मात्र त्यांनी मुंबईला 269 वर गुंडाळलं, 108 धावांचं लक्ष्य गाठलं आणि 6 गडी राखून सामना जिंकला. मध्य प्रदेशचा हा पहिला रणजी करंडक. जिथे कर्णधार म्हणून हरले होते, त्याच मैदानावर 23 वर्षांनी कडक शिस्तीच्या या माणसाचे डोळे भरून आले. टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं.

सहा रणजी करंडक, तीन वेगळे संघ. पण नुसतं गुणगान करून भाग संपवला तर तुमच्याशी अप्रामाणिकपणा होईल.

2023 पासून पंडित आयपीएलमध्ये कोलकात्याचे प्रशिक्षक होते. नामिबियाचा डेव्हिड वीसा त्या संघातून खेळला होता आणि त्याने नंतर जाहीरपणे सांगितलं की ही लष्करी शिस्त परदेशी खेळाडूंना रुचली नाही. जगभर खेळून आलेल्या माणसाला कपडे काय घालायचे हे सांगितलं तर तो वैतागणारच, नाही का? 2024 ला कोलकाता जिंकलं, पण श्रेय मार्गदर्शक गौतम गंभीर आणि कर्णधार श्रेयस अय्यर यांच्याकडे जास्त गेलं. 2025 ला कर्णधार झाला आपला अजिंक्य. आश्वी खुर्दचा कर्णधार, आचरेकर सरांच्या शिष्याचं प्रशिक्षण, आणि संघ आला आठवा. त्यानंतर पंडित आणि कोलकात्याची वाट वेगळी झाली.

मला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या पोरांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना कुणीतरी आपल्यावर इतकी मेहनत घेतंय हेच मोठं वाटतं, मग शिस्तही चालते. जो आधीच नावाजलेला आहे त्याला तीच शिस्त टोचते. पंडितांची पद्धत पहिल्या प्रकारच्या ड्रेसिंग रूमसाठी होती.

ती तिथे किती रुजली हे बघायचं तर तो नवखा किपर आठवा, अक्षय वाडकर. 2024 च्या रणजी फायनलमध्ये तो विदर्भाचा कर्णधार होता. समोर मुंबई, कर्णधार अजिंक्य रहाणे. वाडकरने शतक केलं, तरी मुंबई 169 धावांनी जिंकली. पुढच्याच वर्षी विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला 80 धावांनी हरवलं आणि तिसऱ्यांदा करंडक उचलला. कर्णधार वाडकर, प्रशिक्षक उस्मान घनी. पंडित नागपुरातून कधीच गेले होते आणि संघ त्यांच्याशिवाय जिंकत होता. माझ्या मते प्रशिक्षकाला याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

आता नगरकडे परत येऊ. आपण येतो महाराष्ट्राच्या संघात, ज्याने रणजी करंडक शेवटचा जिंकला 1940-41 ला, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. तेव्हापासून आपण वाट बघतोय. विदर्भाने 60 वर्षं वाट पाहिली, मग जिंकायला लागला, आणि तेही बहुतांशी घरच्या पोरांच्या जोरावर. पुढचा झहीर श्रीरामपुरात असेल, पुढचा अजिंक्य आश्वीत असेल. त्याला गाव सोडावं लागू नये असं वाटत असेल, तर तालुक्याच्या मैदानावर 540 चेंडू डोळ्यात तेल घालून बघणारा कुणीतरी हवा.

तुमच्या गावात असे कोच असतील तर त्यांना हा भाग जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!