बाळाला ऐकू येतंय का? महिन्याच्या आत तपासून घ्या

वाई : बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते. ते नाव बाळाला ऐकू गेलं की नाही, हे मात्र घरात कुणालाच कळत नाही. जन्मतः कमी ऐकू येणारं बाळही इतरांसारखंच रडतं, हसतं, पहिले काही महिने हुंकारही देतं. त्यामुळे दोष लक्षात येतो तो मूल दीड-दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही तेव्हा. त्यातही 'याचा बाप पण उशिराच बोलला होता' म्हणत आणखी वर्ष निघून जातं. हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना हा दोष असतो.

थाळी वाजवून कळत नाही का?

नाही. बाळ तुमचा हात बघून किंवा हादरा जाणवूनही दचकतं. काही बाळांना मोठा आवाज येतो, पण बोलणं स्पष्ट येत नाही. म्हणून मशीनवरची तपासणीच खरी.

तपासणी कशी होते?

या तपासणीला ओएई म्हणतात. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी मऊ नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान नीट असेल तर तो उलट प्रतिसाद देतो आणि मशीन तो टिपतं. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम. जे बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, त्याची बेरा तपासणीही करून घ्यावी. ऐकण्याची नस नीट काम करते का, हे त्यात कळतं.

'रेफर' लिहून आलं तर?

घाबरू नका. 'रेफर' म्हणजे बाळ बहिरं आहे असं नाही, पुन्हा तपासा एवढाच अर्थ. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात ओल किंवा चिकटा असला तरी असं येतं. पण दुसरी तपासणी चुकवू नका.

ती चुकते कुठे? माहेर आणि सासरच्या मध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. समजा, वाईच्या माहेरी 'रेफर' आलं आणि दोन-तीन महिन्यांनी बाळ कोरेगावला किंवा पुण्याला सासरी गेलं. कागद माहेरच्या कपाटात राहतो, सासरच्या आशाताईंना काहीच माहीत नसतं. म्हणून रिपोर्ट माता-बाल संरक्षण कार्डासोबतच ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा आणि सासरच्या आशाताईंना आठवणीनं दाखवा.

१-३-६ लक्षात ठेवा

• १ महिन्याच्या आत पहिली तपासणी
• ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान
• ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू

बोलणं शिकण्यासाठी मेंदूची पहिली वर्षं सगळ्यात मोलाची असतात. गेलेले महिने नंतर भरून काढणं अवघड जातं.

कुणी जास्त काळजी घ्यावी?

• घरात कुणाला लहानपणापासून बहिरेपण असेल
• आई-वडिलांचं लग्न नात्यातलं असेल
• गरोदरपणात आईला रुबेला झाला असेल
• बाळ कमी वजनाचं, कमी दिवसांचं असेल किंवा जन्मल्यावर रडलं नसेल
• बाळाला जास्त कावीळ किंवा मेंदूज्वर झाला असेल

यातलं काहीच नसलं तरी तपासणी कराच. अनेक बाळांमध्ये कारण सापडतच नाही.

जायचं कुठे?

प्रसूती झाली त्या दवाखान्यात सुट्टी होण्याआधीच 'ओएई झाली का?' असं विचारा. तिथे सोय नसेल तर आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा वाईच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. पुढची सोय साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात विचारावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. जन्मजात बहिरेपण त्यात येतं आणि त्यातले उपचार मोफत आहेत.

दोष निघाला तर कानाचं मशीन, गरजेनुसार कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन आणि बोलण्याचा सराव असे मार्ग आहेत. खुणांची भाषाही पूर्ण भाषा आहे, ती शिकण्यात कमीपणा नाही. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते. त्याचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते.

तपासणी पास झाली तरी लक्ष ठेवा

काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवत नसेल, दहाव्या महिन्यात नावाला ओ देत नसेल किंवा वर्षभरानंतरही 'आई', 'बाबा' असा शब्द येत नसेल, तर वाट बघू नका. कानात तेल घालू नका. ९ महिन्यांनी गोवर-रुबेलाची लस चुकवू नका.