थंडी ही संत्र्याची वैरी नव्हे

मराठवाड्यातल्या चकलांब्यासारख्या गावात कुणी परसात संत्र्याचं कलम लावायचं म्हटलं, की दोन आक्षेप ठरलेले. संत्रं नागपूरचं, गेवराईच्या मातीत मोसंबीच यायची. आणि दुसरा, संत्र्याला थंडी सोसत नाही.

पहिल्याला फार वेळ द्यायला नको. नागपूरकर भोसल्यांनी संत्र्याची रोपं औरंगाबादहून नेली, असंच परंपरेनं सांगतात. म्हणजे हे झाड विदर्भात गेलं तेच मराठवाड्यातून.

दुसरा आक्षेप मात्र मुळापासून खोडायला हवा. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्यानं संत्र्याचा पट्टा संपला नाही. पंजाबात अबोहरकडे किन्नो संत्र्याच्या बागा कडाक्याच्या थंडीत उभ्या असतात. जपानचं सत्सुमा तर शून्याखालचे काही अंशही सोसतं. पारा साधारण 13 अंशांखाली गेला, की संत्र्याची वाढ थांबते. लोक तिला आजार समजतात. ती विश्रांती आहे, आणि त्या विश्रांतीतच फुलाचा डोळा तयार होतो. सालीचा केशरी रंगसुद्धा गार रात्रींचंच देणं आहे. उबदार दमट मुलखात फळ पिकूनही हिरवं राहतं.

आपल्याकडची थंडी सौम्य आणि थोड्या दिवसांची, म्हणून बागायतदार तिला पाण्याच्या ताणाची जोड देतो. आंबे बहार, म्हणजे थंडीनंतरचा फुलोरा, धरायची रीत हीच. परसात नेमकं उलटं घडतं. थंडीच्या धास्तीनं झाडाला गोणपाट गुंडाळतात, न्हाणीचं पाणी रोज आळ्यात सोडतात. झाड पालवतं, फुलत नाही, आणि दोष जातो हवामानाला. मला हे पाहून खरोखर वाईट वाटतं.

दोन वर्षांच्या आतल्या कोवळ्या रोपाला कडाक्याच्या रात्री आडोसा हवा, हे मान्य. पण संत्रं खरं मरतं ते काळ्या जमिनीत मुळाशी साचलेल्या पाण्यानं आणि त्यातून येणाऱ्या डिंक्या रोगानं. म्हणून रंगपूर लिंबावर किंवा जंबेरीवर बांधलेलं कलम उंचवट्यावर लावावं, डोळ्याचा सांधा मातीच्या वर ठेवावा, बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी. झाड फळाच्या वयाचं झालं, की डिसेंबरात पाणी तोडावं. भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात. पाव हिस्सा पानं गळली, की ताण पुरे. मग आळं भरून खत घालावं आणि पहिलं हलकं पाणी, म्हणजे आंबवणी, द्यावं; दुसरं पाणी, म्हणजे चिंबवणी, त्यानंतर.